तुफान सेनेची शस्त्रखरेदी

औंध संस्थानचा मुलूख सलग नव्हता. खुद्द औंध, आटपाडी, कुंडल आणि विजापूरकडचे गुणदाळ असे त्याचे तुकडे इंग्रजी हद्दीत विखुरलेले होते. 1942 नंतर सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले, तेव्हा या तुकड्यांना मोल आले. इंग्रजी हद्दीतल्या पोलिसाला संस्थानात मन मानेल तसे शिरता येत नसे. शिवाय राजे भवानराव पंतप्रतिनिधींनी 1939 सालीच गांधीजींच्या सल्ल्याने कारभार रयतेच्या हाती सोपवला होता. त्याच सुमारास मॉरिस फ्रीडमन यांच्या कल्पनेतून आटपाडीजवळ स्वतंत्रपूर वसले, कैद्यांची बिनभिंतीची वसाहत. शस्त्रावाचून माणूस सुधारतो या विश्वासावर चाललेल्या या संस्थानातल्या कुंडलमध्येच प्रतिसरकारची सशस्त्र शाखा, तुफान सेना, घडली आणि तिला बंदुका हव्या होत्या.

बंदूक मिळवायची कशी? 1878 च्या शस्त्र कायद्याने परवान्याशिवाय हत्यार बाळगणे गुन्हा ठरवले होते, आणि भूमिगताला परवाना कोण देणार? मग वाटा उरत होत्या तीन: गावठी हत्यार, पोलिसांकडून हिसकावलेली बंदूक आणि पोर्तुगिजांच्या गोव्यातून चोरून आणलेला माल.

गावठी हत्यार सगळ्यांत स्वस्त. पण बंदुकीची नळी क्षणभर प्रचंड दाब सोसते. हलक्या लोखंडाची किंवा ओबडधोबड जोडलेली नळी फुटली, तर शत्रूआधी चालवणाराच जायबंदी होतो. बार उडालाच नाही, तर दुसरी संधी मिळत नाही. इथे वाचलेला पैसा माणसाच्या जिवातून वळता होतो.

पोलिसांची बंदूक फुकटात मिळत असली तरी तिच्यातही मेख होती. त्या काळी हिंदुस्थानातल्या पोलिसांकडे अनेक ठिकाणी .410 बोअरची मस्केट असे. लष्कराच्या .303 रायफलीवरूनच ती बनवलेली, पण एका वेळी एकच बार काढणारी आणि स्वतःच्या वेगळ्या काडतुसाची. ही बंदूक कुणाच्या हाती पडली, तरी तिचा पल्ला आणि मारा मर्यादित राहावा, अशी ती सोय होती. काडतूस वेगळे, म्हणून नुसती बंदूक पळवून भागत नसे, तिच्या मापाची काडतुसेही पळवावी लागत. नाना पाटलांच्या कन्या हौसाताई यांनी भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवऱ्याकडून मार खाण्याचे नाटक वठवले, पोलीस सोडवायला धावले आणि तेवढ्यात साथीदारांनी ठाण्यातली शस्त्रे उचलली. ही बंदूक बिनपैशाची खरी, पण तिच्यासाठी एका बाईने भर रस्त्यात अंगावर मार झेलला होता.

पैसा असला म्हणजे शस्त्र मिळते, हेही पुरते खरे नाही. 7 जून 1943 रोजी तुफान सेनेने शेणोलीला पगाराची रक्कम नेणारी रेल्वेगाडी अडवली. रुळांवर पुढे दगड रचले, गाडी मागे जाऊ नये म्हणून मागेही रचले. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, यांच्या सांगण्याप्रमाणे हल्ला करणाऱ्यांच्या हाती काठ्या, विळे आणि दोन-तीन गावठी बॉम्ब होते, बंदूक एकही नव्हती. पुढे 14 एप्रिल 1944 रोजी धुळे जिल्ह्यात चिमठाण्याला सरकारी खजिना लुटला गेला आणि साडेपाच लाखांच्या घरात रक्कम हाती आली. त्या काळाच्या मानाने ही दौलतच. आता चणचण पैशाची राहिली नव्हती. अडचण होती ती माल घेऊन सुखरूप परतण्याची.

ती अडचण केवढी होती, हे त्याच वर्षी गोव्यात दिसले. शस्त्रे आणायला गेलेले बाळ जोशी पोर्तुगीज पोलिसांच्या हाती सापडले. तुफान सेनेचे नेते जी. डी. बापू लाड यांनी ठरवले की त्यांना सोडवायचेच. हौसाताई बहीण बनून पणजीच्या तुरुंगात त्यांना भेटल्या, सुटकेचा बेत लिहिलेला कागद अंबाड्यात दडवून. पोलिसांच्या हाती न लागलेली शस्त्रेही परत आणायची होती. परतीच्या वाटेवर नाव नव्हती, म्हणून हौसाताईंनी लाकडी पेटीवर पडून अंधारात मांडवी ओलांडली. पुढे रान तुडवत घर गाठायचे. गोव्यातल्या पिस्तुलाची किंमत सांगताना ही पेटी आणि हा अंबाडा धरल्याखेरीज हिशेब पुरा होत नाही.

बंदूक अशी महाग पडत असताना तुफान सेनेचे खरे शहाणपण, माझ्या मते, पुढच्या गोष्टीत आहे. तिने बंदुकीवर सगळा भरवसा ठेवला नाही. गावचे न्यायनिवाडे, दारूबंदी, सावकारांना चाप, साधी लग्ने ही प्रतिसरकारची कामे बंदुकीने होत नाहीत. लोकांनी भूमिगतांना जेवू घातले, लपवले, कारण त्यांना हे राज्य आपले वाटले. बंदूक मोजक्या प्रसंगांसाठी होती. त्या प्रसंगांचे मोलही या चळवळीने मोजले आहे. 25 फेब्रुवारी 1946 रोजी शिराळा तालुक्यात मणदूरजवळ पोलिसांशी झालेल्या चकमकीत वाळव्याचे किसन अहिर आणि त्यांचे साथीदार नानकसिंग कामी आले. स्वातंत्र्य तेव्हा दीड वर्षावर आले होते.

हौसाताई 2021 मध्ये गेल्या, पाठोपाठ 2022 मध्ये कॅप्टन भाऊ गेले. आटपाडी, खानापूर, कुंडल, वाळवे या पट्ट्यात ज्यांच्या आजी-आजोबांनी शस्त्रे आणली, पुरली, दुरुस्त केली किंवा भाकरीच्या टोपलीतून पोचवली, त्यांनी ऐकलेले सगळे, किमतीसकट आणि वाटेसकट, यंदाच्या सुट्टीतच लिहून काढावे.