ल्यूपसची औषधे आणि मृगाआधीची लस

आपल्याकडे फ्लू हा अंगावर काढायचा आजार. २००९च्या ऑगस्टमध्ये स्वाइन फ्लूने देशातला पहिला बळी पुण्यात घेतला, तेव्हा नांदेड-लातूरकडेही तोंडाला रुमाल बांधले गेले. पुढे ते सुटलेही. ल्यूपसच्या रुग्णाला मात्र ही बेफिकिरी परवडत नाही.

ल्यूपसमध्ये शरीराची राखणदार यंत्रणा आपल्याच शरीरावर उलटते. त्वचा, सांधे, रक्त, मूत्रपिंड यांपैकी काहीही तिच्या तावडीत सापडते. दहांतले नऊ रुग्ण स्त्रिया, त्याही बहुधा ऐन तारुण्यातल्या. औषधांचे काम या यंत्रणेला शांत करणे. लसीचे काम तिला जागे करणे. मग औषधे चालू असताना लस लागू पडते का?

टोचून घ्यायच्या फ्लूच्या लसीत मारलेल्या विषाणूचे अंश असतात. रक्तातल्या बी पेशी ते ओळखतात आणि साधारण दोन आठवड्यांत प्रतिपिंडे तयार होतात. ती मोजण्याची पद्धत जॉर्ज हर्स्ट यांनी १९४१ मध्ये शोधलेल्या एका गोष्टीवर उभी आहे : फ्लूचा विषाणू तांबड्या पेशींच्या गुठळ्या करतो. रक्तद्रव चाळीस पट पातळ केल्यावरही त्या गुठळ्या रोखत असेल, तर लस लागली असे धरतात. ल्यूपसचे रुग्ण या कसोटीत निरोगी माणसांपेक्षा मागे पडतात. तरी त्यांतले बरेच जण ती पार करतात.

फरक औषधागणिक पडतो. कोविडच्या काळात घरोघरी माहीत झालेले हायड्रॉक्सीक्लोरोक्विन लसीच्या आड येत नाही. स्टिरॉइडचा कमी डोस फारसा नडत नाही, मोठा नडतो. अॅझाथायोप्रिन आणि मायकोफेनोलेट प्रतिसाद घटवतात. रिटुक्सिमॅब तर बी पेशीच नाहीशा करते. त्यानंतर काही महिने लसीला उत्तर द्यायला रक्तात जवळजवळ कोणी उरत नाही.

मेथोट्रेक्सेटची गोष्ट वेगळी. दक्षिण कोरियात संधिवाताच्या (ल्यूपसच्या नव्हे) रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. लसीनंतर दोन आठवडे ही गोळी थांबवलेल्यांपैकी ७५.५ टक्के रुग्णांत लस समाधानकारक लागली; गोळी चालू ठेवलेल्यांत ५४.५ टक्के. अमेरिकन कॉलेज ऑफ ऱ्हुमॅटॉलॉजीच्या २०२२च्या सूचना याच धर्तीच्या आहेत : आजार आटोक्यात असेल तर लसीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवावे, बाकीची औषधे चालू ठेवावीत, आणि स्टिरॉइड किंवा रिटुक्सिमॅब चालू आहे म्हणून फ्लूची लस लांबवू नये. साथ कोणासाठी थांबत नाही. अर्धी का होईना, राखण मिळते.

मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, म्हणजे प्रश्न फक्त दोन खेपांचा. पण ‘लस घेतली की गोळ्या बंद’ असा निरोप एका तोंडातून दुसऱ्या तोंडात गेला, तर अनर्थ होईल. स्टिरॉइड एकाएकी सोडणे जिवावर बेतू शकते. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन सोडले तर शमलेला ल्यूपस पुन्हा उसळू शकतो. नांदेडला आणि लातूरला शासकीय वैद्यकीय महाविद्यालये आहेत. तरीही किनवट, देगलूर, निलंग्याकडचे कितीतरी रुग्ण संधिवाततज्ज्ञासाठी हैदराबाद नाहीतर पुणे गाठतात. दोन खेपांच्या मधल्या महिन्यांत सोबत असते ती जुनी चिठ्ठी आणि औषधाचे दुकान. फ्लूची लस राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात नाही, त्यामुळे आशाताई तिची आठवण द्यायला दारी येण्याची शक्यता कमीच.

म्हणून हा प्रश्न उन्हाळ्यातल्या खेपेलाच डॉक्टरांना विचारायला हवा : लस कधी घेऊ, आणि कोणती गोळी किती दिवस थांबवू? उत्तर चिठ्ठीवर लिहून घ्यावे. महाराष्ट्रात फ्लूची मोठी लाट पावसाळ्यात येते आणि लस अंगी लागायला दोन आठवडे जातात, म्हणून मृग निघण्याच्या पंधरा दिवस आधी ती घेतलेली बरी. नाकात फवारायची जिवंत विषाणूची लस या रुग्णांसाठी नाही, टोचायचीच घ्यावी. तिने ल्यूपस भडकतो ही भीती अभ्यासांत खरी ठरलेली नाही. आणि जिची लस अर्धीच लागणार, तिच्या नवऱ्याने, मुलांनी, सासू-सासऱ्यांनीही ती टोचून घ्यावी. तिच्या वाट्याची उरलेली राखण घरच्यांनी करायची आहे.