विश्लेषण : प्रयोगशाळेत वाचणारे हृदय रुग्णालयात का वाचत नाही?

हृदयविकाराचा झटका आला की बंद पडलेली रक्तवाहिनी लवकरात लवकर उघडणे, हाच मुख्य उपचार. मात्र रक्तपुरवठा अचानक सुरू झाल्यानेही हृदयाच्या स्नायूला इजा होते. ती रोखण्यासाठी जवळपास ४० वर्षे संशोधन सुरू आहे, तरी नेहमीच्या वापरातला उपचार हाती आलेला नाही.

सुरुवात कुठून झाली?

१९८६ मध्ये अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात मरी, जेनिंग्ज आणि रायमर यांनी कुत्र्यांच्या हृदयाच्या एका रक्तवाहिनीतील प्रवाह ५-५ मिनिटे असा चार वेळा थांबवला, मग सलग ४० मिनिटे. असा ‘सराव’ झालेल्या हृदयांत मृत स्नायूचे प्रमाण इतरांच्या जेमतेम पाव होते. या निष्कर्षाचा मोठा गाजावाजा झाला. मात्र अडथळा ३ तास राहिल्यास सरावाचा उपयोग होत नाही, हेही त्याच शोधनिबंधात होते. रुग्ण तर अनेकदा तेवढ्याच उशिरा पोहोचतो!

रुग्णांवर काय घडले?

झटका सांगून येत नाही, त्यामुळे हृदयाला आधी सराव देणे अशक्य. म्हणून रक्तदाब मोजतात तसा पट्टा दंडाला बांधून ५ मिनिटे फुगवायचा, ५ मिनिटे सैल करायचा, असे चार वेळा करण्याची कल्पना पुढे आली. खर्च जवळपास शून्य. युरोपातील ५ हजार ४०१ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष २०१९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. वर्षभरात हृदयविकाराने मृत्यू किंवा हृदय निकामी होऊन रुग्णालयात दाखल होण्याचे प्रमाण पट्टा बांधलेल्यांत ९.४ टक्के, तर इतरांत ८.६ टक्के. म्हणजे फायदा नाहीच. सायक्लोस्पोरिन या औषधाचेही तेच झाले. २००८ मध्ये ५८ रुग्णांत आशा दिसली, २०१५ मध्ये ९७० रुग्णांत ती मावळली.

घोडे अडते कुठे?

प्रयोगातील प्राणी बहुधा तरुण आणि निरोगी असतात. रुग्णाला मधुमेह, उच्च रक्तदाब, वाढते वय आणि आधीच सुरू असलेली औषधे असतात. याची चर्चा भरपूर होते. दुसरे कारण तितकेच मोठे आहे. वेळेत अँजिओप्लास्टी झालेल्यांची प्रकृती आज इतकी सुधारते की आणखी फायदा दिसायला जागाच कमी उरते.

त्यामुळे आता अँजिओप्लास्टी वेळेत न मिळणाऱ्यांकडे लक्ष वळले आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील आफ्रिकी देशांत अशा रुग्णांवर दंडपट्ट्याचीच चाचणी हाती घेण्यात आली. महाराष्ट्रातही तालुक्याच्या ठिकाणी अनेकांना आधी गुठळी विरघळवणारे इंजेक्शनच मिळते.