तहानंतरचा संसार

घरांतील भाऊबंदकी विकोपास गेली म्हणजे पंच बोलवावे लागतात. ते वाटण्या करून देतात, कुंपणें घालतात आणि भांडण पुन्हां पेटूं नये म्हणून कांहीं काळ लक्षही ठेवितात. परंतु एकाच विहिरीचें पाणी दोन्ही घरांनीं पुन्हां सुखानें भरावें, हें कांहीं निवाड्यांत लिहून घडत नाहीं. युरोपच्या आग्नेय भागांतील बोस्निया व हर्जेगोविना या लहानशा देशाचा अलीकडचा इतिहास वाचीत असतां आम्हांस ही गोष्ट वारंवार आठवली. उपमा अपुरी आहे, हें आम्ही जाणून आहोंत. तेथें नुसतें भांडण झालें नाहीं. गांवेंच्या गांवें उठविलीं गेलीं.

पूर्वीं युगोस्लाव्हियाचा घटक असलेल्या या देशांत मुसलमान बोस्नियाक, ऑर्थोडॉक्स पंथाचे सर्ब आणि कॅथलिक क्रोट असे तीन समाज आहेत. त्यांची बोली जवळजवळ एकच. १९९२ च्या एप्रिलांत युद्ध पेटलें आणि १९९५ अखेरपर्यंत सुमारे १ लक्ष माणसें मेलीं. सुमारे २२ लक्ष बेघर झालीं. मार्च १९९२ पासून एक वर्ष संयुक्त राष्ट्रांच्या तेथील फौजेचे पहिले सेनापति आपल्या मराठा लाइट इन्फंट्रीचे लेफ्टनंट जनरल सतीश नंबियार हे होते. परंतु राखावयास शांतताच नसेल, तर शांतिसेनेनें करावें काय? संयुक्त राष्ट्रांनीं सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या स्रेब्रेनित्सा येथें जुलै १९९५ मध्यें सुमारे ८,००० पुरुष व मुलगे ठार मारले गेले. हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयानें २००७ सालीं त्या कृत्यास वंशसंहार ठरविलें.

पुढें अमेरिकेंतील डेटन येथें तह ठरला व १४ डिसेंबर १९९५ रोजीं पॅरिस येथें त्यावर सह्या झाल्या. तो राबविण्यास सुमारे ६०,००० परदेशी सैनिक आले. देखरेखीस एक उच्च प्रतिनिधि नेमला गेला; त्यास १९९७ अखेर कायदे लादण्याचे व अधिकाऱ्यांस काढून टाकण्याचेही अधिकार मिळाले.

या साहाय्यापैकीं कोणतें फळास आलें, हें पाहूं गेल्यास आम्हांस एक लहान गोष्ट फार बोलकी वाटते. युद्धानंतर मोटारीच्या नंबरपाटीवरून तिचा मालक कोणत्या प्रदेशांतला हें ओळखूं येई, व परक्या हद्दींत जाण्यास माणूस धजत नसे. १९९८ सालीं सर्वांस एकाच नमुन्याच्या पाट्या दिल्या गेल्या. त्यांवरील अक्षरेंही रोमन व सिरिलिक या दोन्ही लिप्यांत सारखींच दिसणारीं निवडलीं. मग गाडी कोणाची, हें कळेना आणि रस्ते मोकळे झाले. घरें मूळ मालकांस परत देण्याचें कामही असेंच चिकाटीनें झालें; २००४ पर्यंत १० लक्षांहून अधिक माणसें परतलीं.

मोस्तार येथील १५६६ सालचा दगडी पूल ९ नोव्हेंबर १९९३ रोजीं क्रोट तोफांच्या माऱ्यानें नेरेत्वा नदींत कोसळला होता. जागतिक बँक, युनेस्को व अनेक राष्ट्रें यांच्या मदतीनें तो जुन्या पद्धतीनेंच पुन्हां उभारला गेला आणि २३ जुलै २००४ रोजीं खुला झाला. पूल उभा राहिला. परंतु त्या प्रांतांतील कित्येक ठिकाणीं दोन समाजांचीं मुलें एकाच इमारतींतील निरनिराळ्या शाळांत, निरनिराळीं पुस्तकें शिकत राहिलीं. दगड जोडण्याहून मुलांचे बांक जोडणें कठीण, हेंच खरें!

याचें एक मूळ तहांतच आहे. देशाची राज्यघटना ही त्या तहाचें चवथें परिशिष्ट होय. तिनें राष्ट्राध्यक्षपद तिघांत वांटलें : एक बोस्नियाक, एक सर्ब व एक क्रोट. मग ज्यू किंवा रोमा नागरिकानें काय करावें? अशा दोघांनीं दाद मागितली असतां युरोपीय मानवी हक्क न्यायालयानें २००९ सालीं हा भेद अन्याय्य ठरविला. तरीही पुढील निवडणुका जुन्याच नियमानें झाल्या. बंदुका थांबविण्यासाठीं केलेली वाटणी अशी घराची भिंत होऊन बसली.

आतां आशा आहे ती शेजारधर्माची. २००६ च्या व्यापारी करारानें शेजारच्या राज्यांशीं देवघेव सुलभ झाली. प्रादेशिक सहकार्य मंडळाची कचेरी २००८ पासून सारायेव्होंतच आहे. १ जुलै २०२१ पासून पश्चिम बाल्कन देशांत परस्परांच्या हद्दींत फोन वापरण्याचा जादा आकार बंद झाला. युरोपीय संघानें डिसेंबर २०२२ मध्यें बोस्नियास उमेदवार देशाचा दर्जा दिला व मार्च २०२४ मध्यें प्रवेशाच्या वाटाघाटी सुरू करण्याचें ठरविलें.

आमच्या मतें या कथेचें सार असें कीं, बाहेरच्यांनीं रस्ता मोकळा करावा, बेघरास घर द्यावें, अपराध्यास न्यायासनापुढें उभें करावें. तें त्यांचें कर्तव्यच आहे. मात्र ज्या मदतीनें माणसें दररोज एकमेकांच्या वाटेवर येतात तीच टिकते, आणि जी त्यांना आपापल्या वांट्यांत कोंडून ठेविते ती पहारा उठतांच ढासळण्याचें भय राहतें. बोस्नियांतील कोणा मातेस आपलें मूल शेजाऱ्याच्या मुलाशेजारीं निःशंकपणें बसवितां येईल, त्या दिवशीं तह पुरा झाला असें आम्ही म्हणूं.