मालकीवाचून नांदणारे गाव

श्रीअरविंदांनी १८९३ ते १९०६ ही तेरा वर्षे आपल्या बडोद्यास सयाजीराव महाराजांच्या नोकरीत काढली, हे बडोदेकरांना सांगावयास नको. त्यांच्या नावाने पाँडिचेरीजवळ वसलेल्या ऑरोव्हिलची चौकशी मात्र आपण फारशी करीत नाही.

२८ फेब्रुवारी १९६८ रोजी १२४ देशांची माती एका कलशात घालून, माताजींच्या संकल्पानुसार त्या गावाची स्थापना झाली. जागा म्हणजे उजाड तांबडा माळ. आलेल्या लोकांनी बांध घालून पाणी अडविले, झाडे लावली. त्या माळावर आज जंगल उभे आहे.

तेथील जमीन कोणा एकाची नाही. पदरचे पैसे घालून घर बांधले, तरी ते मुलांच्या नावे करता येत नाही. राहणारा तो केवळ सांभाळणारा. वाड्याच्या वाटणीपायी भावाभावांनी घातलेल्या भिंती आपण पाहिल्या आहेत. मी दरबारी गवयाचा मुलगा. आमच्याकडे तर चीजसुद्धा कुलपात ठेवण्याची वस्तू! तेव्हा या नियमाचे मला अप्रूप वाटते.

परंतु मालकी सुटली म्हणजे भांडण मिटते, असे नाही. १९७३ साली माताजी निवर्तल्या आणि कारभार कोणी पाहावा, यावरून तंटा जुंपला. १९८० साली केंद्र सरकारने कारभार हाती घेतला. पुढे १९८८ च्या कायद्याने सरकारनियुक्त नियामक मंडळ आणि रहिवाशांची सभा, अशी घडी बसविण्यात आली.

तरीही डिसेंबर २०२१ मध्ये मूळ आराखड्यातील वर्तुळाकार रस्त्यासाठी झाडे तोडली जाऊ लागताच रहिवाशांत दोन तट पडले. संकल्प पन्नास हजारांच्या नगराचा आणि वस्ती जेमतेम तीन-साडेतीन हजारांची. रस्ते नसतील तर नगर व्हावे कसे, असे एका बाजूचे म्हणणे. हाताने वाढविलेले जंगल वाचवून रस्त्याला वळण द्या, असे दुसरीचे. मार्च २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हरित लवादाचा निर्बंध रद्द केला. पण निकालाने मने जुळतातच असे नाही.

तंबोरा कोणाचा, हा मैफलीत गौण प्रश्न. तो कोणत्या पट्टीत लावायचा हे कोणी ठरवावे, हा खरा. आपल्या एकत्र कुटुंबांत तो वडीलधाऱ्यांच्या शब्दाने सुटे. तो शब्द गेला आणि चुली वेगळ्या झाल्या. ऑरोव्हिलचे लोक पन्नासांवर वर्षे भांडत आहेत, पण अजून एका गावात आहेत. त्यांच्या भांडणाला हसण्यापूर्वी आपण एवढे ध्यानी घ्यावे.