रिडायरेक्ट केलं म्हणजे फंक्शन संपलं?

‘लॉगिन नसेल तर रिडायरेक्ट केलंय ना, मग पुढचा कोड चालेलच कसा?’ नवशिकेच नव्हे, वेबसाइट बनवण्यात चार-पाच वर्षं मुरलेले लोकही हे छातीठोकपणे विचारतात. कसा म्हणजे? व्यवस्थित चालतो. अगदी शेवटच्या ओळीपर्यंत.

रिडायरेक्ट ही ब्राउझरसाठी सूचना असते: अमुक पत्त्यावर जा. पीएचपीत ‘लोकेशन’ हेडर पाठवला की उत्तराला तो हेडर आणि 302 हा कोड जोडला जातो, बस्स. सर्व्हरवर चालू असलेल्या कोडला त्याचं काही सोयरसुतक नसतं. समजा, ग्राहकाची नोंद पुसणारं पान आहे. वर लॉगिनची तपासणी, लॉगिन नसेल तर रिडायरेक्ट, खाली डिलीटची क्वेरी. मध्ये एक्झिट किंवा रिटर्न नसेल, तर आगंतुकाला लॉगिनचं पान दिसतं आणि नोंद मात्र उडालेली असते. टेस्टिंग करणाऱ्यालाही लॉगिनचंच पान दिसतं. तो ‘पास’ लिहून मोकळा होतो. 302 सोबत आलेला मजकूर ब्राउझर दाखवत नाही, म्हणून ही चूक लपून राहते. तीच विनंती कर्लने पाठवली, तर जे पान लपवायचं होतं ते अख्खं समोर येऊ शकतं.

हा उगाच केलेला बाऊ वाटत असेल तर आकडे पाहा. अ‍ॅडम डूपे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2011 मध्ये या चुकीवर शोधनिबंध लिहिला. रूबी ऑन रेल्सची 18,127 मुक्तस्रोत अ‍ॅप्लिकेशन्स त्यांच्या टूलने तपासली आणि ही चूक 3,944 ठिकाणी सापडली. सॉफ्टवेअरमधल्या कच्च्या दुव्यांच्या सीडब्ल्यूई यादीत तिला 698 हा क्रमांक आहे. पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमधल्या उदाहरणातही लोकेशन हेडरच्या खाली एक्झिट आहेच. पण उदाहरणातली पहिली ओळ तेवढी कॉपी करायची, हा आपला शिरस्ता!

गोंधळाला फ्रेमवर्कही हातभार लावतात. एक्सप्रेसमध्ये उत्तर पाठवल्यावरही फंक्शन पुढे जातं. दुसऱ्यांदा उत्तर पाठवू लागलं की ‘हेडर आधीच पाठवले आहेत’ अशी एरर येते. ती दिसली तर नशीब म्हणायचं, कारण खाली नुसती डेटाबेसची क्वेरी असेल तर तीही येत नाही. जँगोमध्ये रिडायरेक्ट हा एक ऑब्जेक्ट असतो. तो रिटर्न केला नाही तर रिडायरेक्ट होतच नाही. नेक्स्ट जेएसमध्ये मात्र रिडायरेक्ट एरर फेकून फंक्शन खरोखरच थांबवतो. तिथे शिकलेली सवय घेऊन माणूस एक्सप्रेसकडे वळला की फसलाच.

जावास्क्रिप्टमधले रिटर्नबद्दलचे गैरसमज त्यामानाने किरकोळ, पण चिवट. फॉरईचमधल्या रिटर्नने लूप थांबत नाही. फक्त ती फेरी संपते. रिटर्न लिहून उत्तर पुढच्या ओळीवर नेलं, तर हाती येतं ‘अनडिफाइन्ड’. अ‍ॅरो फंक्शनला महिरपी कंस दिले की रिटर्न आपोआप होत नाही. ‘रिटर्न फॉल्स’ने फॉर्म थांबतो, पण अ‍ॅडइव्हेंटलिसनरने जोडलेल्या फंक्शनमध्ये त्याचा उपयोग शून्य, तिथे प्रिव्हेंटडिफॉल्टच हवं. आणि फायनलीमधला रिटर्न आधीचं उत्तरच काय, फेकलेली एररसुद्धा गिळून टाकतो.

तेव्हा आपल्या प्रोजेक्टमध्ये ‘रिडायरेक्ट’ सर्च करा, पीएचपी असेल तर ‘लोकेशन’ही. तिथे काम थांबवणारं काही दिसत नसेल, तर आधी त्याखालच्या ओळी वाचा.