गजाचे केस बदलणे

गजाचे केस बदलणे म्हणजे व्हायोलिन, व्हियोला, चेलो इत्यादी तंतुवाद्यांच्या गजावरील झिजलेले घोड्याचे केस काढून त्या जागी नवे केस बसवण्याची प्रक्रिया होय. हे काम सहसा गज बनवणारे किंवा वाद्ये दुरुस्त करणारे कारागीर करतात. ही नियमित देखभालीची बाब असली, तरी त्यातील चुकीमुळे गजाच्या काठीला कायमची इजा होऊ शकते.

गजाची रचना

व्हायोलिनच्या आधुनिक गजाचे स्वरूप प्रामुख्याने फ्रेंच कारागीर फ्रांस्वा झाविए तूर्त (१७४७–१८३५) यांच्या कामातून निश्चित झाले. गजाची काठी केसांच्या दिशेने किंचित वाकलेली असते. तिच्या एका टोकाला डोके, तर दुसऱ्या टोकाला 'फ्रॉग' नावाचा सरकता ठोकळा असतो. काठीच्या शेवटी असलेला स्क्रू फिरवला की फ्रॉग मागे सरकतो व केस ताणले जातात. डोके आणि फ्रॉग या दोहोंत खोबणी कोरलेल्या असतात. केसांच्या जुडीची गाठ खोबणीत बसवून ती लाकडी पाचरीने घट्ट केली जाते. फ्रॉगच्या तोंडाशी असलेल्या धातूच्या कडीत आणखी एक पातळ पाचर असते. तिच्यामुळे केस सपाट पट्टीसारखे पसरतात.

केस आणि राळ

गजासाठी घोड्याच्या शेपटीचे लांब केस वापरतात. व्हायोलिनच्या गजात साधारणपणे १५० ते २०० केस असतात. बहुतेक वादक पांढरे केस वापरतात. डबल बासचे काही वादक अधिक जाड व खरखरीत काळे केस पसंत करतात. नुसत्या केसांनी तार नीट वाजत नाही. पाइन वृक्षाच्या चिकापासून तयार केलेली राळ केसांवर घासल्यावर तार केसांना चिकटते, ताण वाढताच सुटते आणि पुन्हा चिकटते. ४४० हर्ट्झच्या स्वरासाठी हे चक्र सेकंदाला ४४० वेळा घडते.

केस बदलण्याची कारणे

वापराने केस तुटतात, लांबतात व राळ नीट धरेनासे होतात. बोटांच्या स्पर्शाने तेलकटपणा येतो. बंद पेटीत पडून राहिलेल्या गजाचे केस काही भुंगेऱ्यांच्या अळ्या कुरतडतात. एकाच बाजूचे बरेच केस तुटल्यास ताण असमान होऊन काठी कडेला वाकण्याचा धोका असतो.

पद्धत

प्रथम स्क्रू काढून फ्रॉग वेगळा करतात, जुने केस कापतात आणि पाचरी व गाठी काढून खोबणी स्वच्छ करतात. नव्या जुडीचे एक टोक दोऱ्याने आवळून बांधतात व राळ लावून तापवतात, त्यामुळे गाठ सुटत नाही. ही गाठ बहुधा आधी डोक्याच्या खोबणीत बसवतात. त्यानंतर केस ओल्या फणीने विंचरून समांतर करतात, लांबी ठरवून दुसरी गाठ बांधतात आणि ती फ्रॉगमध्ये बसवतात. शेवटी कडीतील पाचर बसवून केस वाळू देतात व त्यांना राळ लावतात. प्रत्येक पाचर त्या त्या खोबणीच्या मापाने तासावी लागते. फार घट्ट पाचरीने डोके चिरू शकते, तर सैल पाचर निसटते. पुढच्या वेळी काढता यावी म्हणून खोबणीतील पाचर सरसाने चिकटवत नाहीत.

लांबीचा अंदाज हा या कामातील सर्वांत अवघड भाग होय. केस दमट हवेत लांबतात व कोरड्या हवेत आखडतात. पावसाळ्यात आखूड बसवलेले केस कोरड्या ऋतूत इतके आखडू शकतात की गज सैल करता येत नाही. अशा सततच्या ताणाने काठीचा बाक नाहीसा होतो. उलट, केस फार लांब राहिल्यास दमट हवेत पुरेसा ताण मिळत नाही.

काठीचे महत्त्व

उत्तम गजांच्या काठ्या ब्राझीलमधील पर्नाम्बुको या वृक्षाच्या लाकडापासून बनवल्या जातात. हा वृक्ष दुर्मिळ झाल्याने २००७ साली त्याचा समावेश वन्य प्रजातींच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करार 'साइटिस'च्या दुसऱ्या परिशिष्टात करण्यात आला. केस पुन्हा पुन्हा बदलता येतात. मोडलेल्या जुन्या काठीची जागा भरून काढणे मात्र कठीण असते.

भारतीय वाद्ये

सारंगी, दिलरुबा, इसराज व रावणहत्था ही वाद्येही घोड्याच्या केसांच्या गजाने वाजवली जातात. गजाननराव जोशी व वि. गो. जोग यांच्यासारख्या महाराष्ट्रातील वादकांनी हिंदुस्थानी संगीतात आणलेल्या व्हायोलिनचा गज मात्र पाश्चात्त्य पद्धतीचाच असल्याने त्याचे केस वरील पद्धतीनेच बदलले जातात. वादनानंतर स्क्रू सैल करणे व केसांना बोटे न लावणे या सवयींमुळे केस आणि काठी दोन्ही अधिक काळ टिकतात.