दुकानाच्या वाय-फायला कुलूप कोणते?

ही गोष्ट २०१८ सालची. पापडीच्या आमच्या कापडाच्या दुकानात नवा राउटर बसला आणि गल्ल्यावरच्या जुन्या संगणकाला वाय-फाय दिसेनासे झाले. आजूबाजूच्या दुकानांची नावे पडद्यावर हजर, आमचेच गायब! ई-वे बिले खोळंबली.

दोष निघाला चॅनेलचा. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात आपल्याकडे १३ चॅनेल वापरता येतात. गर्दी टाळावी म्हणून राउटर बसवणाऱ्या मुलाने १३ वा निवडला होता. पण संगणकाचा अडॅप्टर नातेवाइकाने अमेरिकेहून आणलेला, त्याची धाव ११ पर्यंतच. अडॅप्टरमध्ये चॅनेल भरावा लागत नाही, तो राउटरच्या मागे जातो; म्हणून बदल राउटरमध्येच करायचा. तोही कोणताही आकडा घेऊन चालत नाही. दोन चॅनेलांत अंतर ५ मेगाहर्ट्झचे, पण एकेकाचा पन्हा सुमारे २० चा, त्यामुळे शेजारचे चॅनेल एकमेकांवर चढतात. १, ६ आणि ११ हे तेवढे मोकळे राहतात. आम्ही ११ घेतला. नाव दिसू लागले.

तरी जोडणी होईना. राउटरचे कुलूप ‘डब्ल्यूपीए-२’, आणि अडॅप्टरला ठाऊक फक्त जुने ‘वेप’. मुलगा म्हणाला, “चाचा, राउटरच वेपवर टाकतो, पाच मिनिटांचे काम.”

आम्ही त्याला थांबवले. वेपची कमजोरी २००१ मध्येच संशोधकांनी उघड केली होती. जाणकाराला ते उघडायला काही मिनिटे पुरतात. एका जुन्या अडॅप्टरसाठी बँकेचे व्यवहार होणारी सगळी लाइन उघड्यावर टाकायची? शिवाय व्यापारी बंधूंना सानपाड्याचे प्रकरण आठवत असेल. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत स्फोट झाले, त्याच्या काही मिनिटे आधी धमकीचा ई-मेल गेला तो नवी मुंबईतल्या एका भाडेकरूच्या कुलूप नसलेल्या वाय-फायवरून. पोलीस आधी पोहोचले ते त्या भाडेकरूच्याच दारी. ई-मेल त्याने पाठवलेला नव्हता, पण चौकशीचा ससेमिरा त्याच्यामागे लागायचा तो लागलाच. पुढे २००९ मध्ये दूरसंचार विभागाने ग्राहकांचे वाय-फाय सुरक्षित ठेवण्याबाबत इंटरनेट कंपन्यांना सूचना दिल्या.

तेव्हा राउटर तसाच ठेवला आणि काहीशे रुपयांचा नवा अडॅप्टर आणला. डब्ल्यूपीए-२ मध्येही ‘टीकेआयपी’ आणि ‘एईएस’ असे दोन प्रकार दिसतात, एईएस निवडावा. टीकेआयपी कच्चे, आणि त्यावर वेगही ५४ मेगाबिटच्या वर जात नाही. ‘डब्ल्यूपीए-३’ २०१८ पासूनचे. राउटर व अडॅप्टर दोघांत असेल तर तेच घ्यावे. बटण दाबून जोडणारी ‘डब्ल्यूपीएस’ सोय मात्र बंद करावी. गिऱ्हाइके पासवर्ड मागतात, त्यांच्यासाठी राउटरमध्ये पाहुण्यांचे वेगळे नेटवर्क करता येते.

राहता राहिला आमचा जुना पासवर्ड. वेपला दहा अंकांची किल्ली चालते, म्हणून आम्ही वर्षानुवर्षे दुकानाचा मोबाइल नंबरच ठेवला होता, जो आमच्या प्रत्येक पिशवीवर छापलेला आहे.